मुंबईची ३९ मिनिटं



आजचा विषय घड्याळाचा आहे, आणि त्याहून जास्त वेळेचा आहे. घड्याळाचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक वेळा यंत्रांची यादी होते: आधी वाळूचं घड्याळ, मग लंबकाचं, मग खिशातलं, मग मनगटावरचं. यंत्रं आजही येतील, पण आपण एकच प्रश्न धरून पुढं जाऊ. 'किती वाजले?' याचं उत्तर कोण ठरवतं? त्यासाठी शहरही एकच घेऊ, मुंबई. या शहरात जवळजवळ सत्तर वर्षं या साध्या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं होती आणि त्यावरून माणसं भांडली, सभा झाल्या, ठराव झाले, गिरण्या बंद पडल्या.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. आपण 'घटकाभर बस' म्हणतो, 'त्याची घटका भरली' म्हणतो. घटका म्हणजे घट, छोटं भांडं. 'तास' हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थही धातूचं पात्रच. म्हणजे देशी शब्द घ्या की बाहेरून आलेला, आपल्याकडं वेळ भांड्यानं मोजली जात होती. आणि ती कळायची कानानं. म्हणून आपण वेळ 'किती झाली' असं विचारतो त्याहून जास्त वेळा 'किती वाजले' असं विचारतो. कुणीतरी थाळीवर टोला देई, तो ऐकू येई त्या अंतरापर्यंत त्या गावाची वेळ.

घटिकापात्राची रचना अगदी सोपी होती. तांब्याची अर्धगोल वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ही वाटी पाण्यानं भरलेल्या मोठ्या घंगाळात तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत शिरतं, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. अहोरात्रात ती ६० वेळा बुडावी, असं सूर्यसिद्धान्तात सांगितलं आहे. २४ तासांच्या १४४० मिनिटांना ६० नी भागलं की घटका येते २४ मिनिटांची. घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. साडेसात घटकांचा एक प्रहर, तीन तासांचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण वाटी घडवणाऱ्या कारागिराचा विचार करा. भोक केसभर मोठं झालं की वाटी लवकर बुडणार. पाण्यात गाळ असला की भोक तुंबणार. थंडीत पाणी किंचित दाट होतं, त्यामुळे भरण्याचा वेग बदलणार. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा आपल्याला माहीत आहे. लग्नाची घटिका पाहायला ती वाकली, तिच्या अलंकारातला मोती वाटीत पडला, भोक बंद झालं आणि मुहूर्त टळून गेला. कथा खरी मानायचं कारण नाही. ती फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून, भास्कराचार्यांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी पुढं आली. पण ती ज्यानं रचली त्याला घटिकापात्र कुठं दगा देतं हे नेमकं ठाऊक होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. घटिकापात्र रोज नव्यानं सुरू होई. सूर्य उगवला की पहिली वाटी पाण्यात. काल चार पळांची चूक झाली असेल, तर ती आजच्या सूर्योदयाला पुसली गेली. म्हणून या यंत्राला महिनोन्महिने अचूक चालण्याची गरजच नव्हती. रोज त्याला दुरुस्त करणारा वर आकाशात बसलेला होता. आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा असल्यानं वेळही प्रत्येक गावाची वेगळी. पैठणची वेळ पैठणची, चौलची वेळ चौलची. यात कुणाला काही अडचण नव्हती, कारण एका गावची वेळ दुसऱ्या गावी नेण्याची कुणाला गरजच पडत नव्हती.

टोल्यांचा मात्र घोळ होई. बाबराला तो हिंदुस्थानात आल्यावर जाणवला आणि त्यानं तो आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. घड्याळी म्हणजे थाळी वाजवणारा माणूस घटका वाजवी, पण तिसरा प्रहर चालू आहे की दुसरा हे त्यातून कळत नसे. रात्री जाग आलेल्या माणसानं टोले ऐकले, तरी किती रात्र सरली ते समजेना. बाबरानं हुकूम दिला, की घटका वाजवून झाल्या की थोडं थांबून प्रहरही वाजवावा. वेळ मोजण्याइतकंच ती सर्वांना कळेल अशी सांगणंही महत्त्वाचं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आपल्या आजच्या गोष्टीत हाच मुद्दा पुन्हा येणार आहे.

गावची वेळ गावाबाहेर नेण्याची गरज पहिल्यांदा पडली ती समुद्रावर. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. जहाजावर आत्ता माध्यान्ह आहे आणि आपण जिथून निघालो त्या बंदरात आत्ता किती वाजले हे जर मला माहीत असेल, तर दोन्हींतल्या फरकावरून मी किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आलो हे कळतं. विषुववृत्ताजवळ एका मिनिटाची चूक म्हणजे जवळपास २८ किलोमीटरची चूक. खडकावर आपटायला तेवढी पुरे. म्हणून ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये यावर उपाय शोधणाऱ्याला २० हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस जाहीर केलं.

तोवर ह्यूगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलेलं होतं आणि जमिनीवर ते छान चाले. पण डोलणाऱ्या जहाजावर लंबक काय कामाचा? जॉन हॅरिसन हा सुतारकामातून घड्याळाकडं वळलेला माणूस. त्याचं चौथं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या प्रवासाला निघालं आणि ८१ दिवसांनंतर, त्याची ठरलेली चाल हिशेबात धरता, सुमारे पाच सेकंद मागं होतं.

लंबकाच्या जागी त्या घड्याळात काय होतं? जे आपल्या चावीच्या घड्याळात असतं तेच. जुनं घड्याळ घड्याळजीनं समोर उघडलेलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. चावी दिली की एक पोलादी पट्टी गुंडाळली जाते. तिला सुटायचं असतं. ती एकदम सुटली तर काटे गरगर फिरून घड्याळ क्षणात थांबेल. तिला अडवून थोडं थोडं सोडायचं काम दात्यांच्या चाकाशी लागून असलेली एक छोटी खिट्टी करते. आणि खिट्टीनं कधी सोडायचं हे ठरवतं बॅलन्स व्हील, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागंपुढं झुलणारं चाक. आपण 'टिकटिक' ऐकतो तो या खिट्टीचा आवाज. नेहमीचं चावीचं मनगटी घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. तासाला १८ हजार, दिवसाला ४ लाख ३२ हजार. असं घड्याळ दिवसाला एक मिनिट मागं पडलं तर आपण तक्रार करतो, पण एक मिनिट म्हणजे दिवसाचा एक हजार चारशे चाळिसावा भाग. इतकं काटेकोर काम बोटभर जागेत, तेल आणि धूळ सांभाळत होतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून श्वास रोखून काम का करतो, ते यावरून कळेल.

पण कितीही चांगलं घड्याळ असलं तरी ते एकदा कुठून तरी लावून घ्यावं लागतं. घड्याळ वेळ जपतं. ती मुळात येते कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत ती येत होती कुलाब्याच्या वेधशाळेतून. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये ती उभारली. ठरावीक तारा माध्यान्हवृत्तावरून नेमका कधी गेला हे दुर्बिणीतून पाहायचं, त्यावरून वेधशाळेचं घड्याळ तपासायचं आणि बंदरातल्या जहाजांना त्या वेळेची खूण द्यायची. जहाजावरचा अधिकारी त्यावरून आपला क्रोनोमीटर मागं आहे की पुढं ते टिपून ठेवी.

इथं एका मराठी माणसाची आठवण ठेवायला हवी, केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. ऐन तारुण्यात ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला होते. पुढं त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ केला आणि प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं पंचांग असावं म्हणून धडपड केली. आकाश पाहून वेळ ठरवायची, ही कल्पना आपल्या जोशीबुवांना नवी नव्हती. नवी होती ती वेध घेण्याची बारकाई. केरूनानांना दोन्ही बाजूंची भाषा येत होती.

तर मुंबईची एक स्वतःची वेळ होती. ग्रिनिचच्या पुढं ४ तास ५१ मिनिटं. तशीच मद्रासची, ५ तास २१ मिनिटं. कलकत्त्याची, ५ तास ५३ मिनिटं. बैलगाडीच्या काळात यानं कुणाचं काही अडलं नाही. मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. ही ३५ मिनिटं पाहा. बैलगाडी सकाळी निघते, पडाव प्रहरभर टिकतो, पण आगगाडी ३:३५ ला सुटते. मिनिट नावाची गोष्ट सर्वसाधारण माणसाच्या आयुष्यात अशी शिरली.

रूळ लांबत गेले तसा घोळ सुरू झाला. मुंबईकडून जाणारी गाडी मुंबईच्या वेळेनं, कलकत्त्याकडून येणारी कलकत्त्याच्या वेळेनं, आणि रूळ एकच. दोघींच्या घड्याळांत तासाहून जास्त फरक. वेळापत्रक कसं करायचं? मद्रास या दोघींच्या साधारण मधल्या वेळेचं आणि तिथं जुनी वेधशाळाही होती. म्हणून १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. मुंबईच्या स्टेशनात मद्रासची वेळ, स्टेशनाबाहेर मुंबईची. दोहोंत ३० मिनिटांचा फरक. लोकांनी हे पचवलं. गाडी पकडायची असेल तर अर्धा तास आधी निघायचं, एवढंच.

प्रकरण बिघडलं ते १८८१ मध्ये. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारनं ठरवलं, की मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनीही मद्रासची वेळ पाळावी. रेल्वेपुरतं ठीक होतं, पण शहरानं आपला सूर्य का सोडावा, असा ओरडा झाला. या वादाचं मध्यवर्ती ठिकाण बनला राजाबाई टॉवर.

हा टॉवर तेव्हा अगदी नवा होता. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरं झालं. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि टॉवरला आईचं नाव दिलं. त्या अंध होत्या, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचा नियम पाळत आणि टॉवरच्या टोल्यांनी त्यांना वेळ कळे, असं सांगतात. घड्याळ विद्यापीठाचं, पण त्याची तबकडी रात्री उजळायचा खर्च सरकार देई. सरकारनं सांगितलं, घड्याळ मद्रासची वेळ दाखवणार असेल तरच दिव्याचे पैसे मिळतील. विद्यापीठानं मुंबईची वेळ सोडली नाही. शेवटी १८८३ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि कचेऱ्या पुन्हा मुंबईच्या वेळेवर आल्या.

आता एक प्रामाणिक प्रश्न विचारू. मुंबईकर जिला 'आपली', 'खरी', 'सूर्याची' वेळ म्हणत होते ती तरी सूर्याची होती का? पूर्णपणे नव्हती. सूर्य वर्षभर सारख्या वेगानं चालताना दिसत नाही. सूर्यतबकडी ठेवली तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढं असते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १४ मिनिटं मागं. घड्याळ असं लंगडत चालू शकत नाही, म्हणून वर्षभराची सरासरी काढून एक कल्पित, सरळ चालणारा सूर्य मानला गेला. मुंबईची वेळ म्हणजे त्या कल्पित सूर्याची वेळ. तीही घड्याळासाठी केलेली तडजोडच. फक्त ती मुंबईच्या आकाशाच्या जवळची तडजोड होती, आणि ती कुणी वरून लादलेली नव्हती. भांडण खरं या दुसऱ्या गोष्टीचं होतं.

इकडे जगात हालचाल चालू होती. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, २५ देशांचे प्रतिनिधी आले आणि ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य मानावं असं ठरलं. मद्रासची ५ तास २१ मिनिटं ही आकडेमोडीला गैरसोयीची. म्हणून ग्रिनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढं, म्हणजे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ भारतासाठी निवडली गेली. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. आधी रेल्वे आणि तारखातं, आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारी कामकाज या स्टँडर्ड टाइमवर आलं. मुंबईच्या वेळेशी फरक ३९ मिनिटं.

काळ कोणता, तेही पाहा. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झालेली. स्वदेशीची चळवळ पेटलेली. अशा वेळी सरकार म्हणतं, घड्याळ ३९ मिनिटं पुढं करा. शहरातल्या सुशिक्षितांना हा आणखी एक हुकूम वाटला. फिरोजशहा मेहतांसारखे वजनदार नेते विरोधात उभे राहिले. १९०६ मध्येच महापालिकेनं ठराव केला, की आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ राहील.

पण ३९ मिनिटांचा खरा भार कुणावर पडणार होता? पेढीवरच्या शेटजींवर किंवा कौन्सिलातल्या वकिलांवर तो फारसा पडणार नव्हता. तो पडणार होता गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्यांवर. इथं थोडं मागं जाऊ.

गिरणीत वेळ मालकाची असे. कामगाराच्या खिशात घड्याळ नव्हतं. त्याचा दिवस सूर्यावर आणि भोंग्यावर चाले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारोंच्या सह्यांचं निवेदन केलं. त्यातल्या मागण्या वाचल्या तर त्या बहुतेक वेळेच्याच आहेत. आठवड्यातून रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत व्हावा. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. यातली एक मागणी लक्ष देऊन पाहा: सुरुवात घड्याळानं, शेवट सूर्यानं. कारण अंधार पडला की गिरणी थांबणं भाग होतं. सूर्य हा कामगाराचा एकमेव पक्षकार होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही पक्षकार गेला. अंधार पडला तरी माग चालू ठेवता येऊ लागले. काही गिरण्यांत दिवस चौदा तासांचा झाला. १९०५ मध्ये या लांबलेल्या दिवसावरून कामगारांत असंतोष होता, संप झाले. आणि लगेच पुढच्या जानेवारीत घड्याळ पुढं सरकलं.

हिशेब करून पाहू. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईचा सूर्योदय स्टँडर्ड टाइमनं सव्वासातच्या आसपास असतो. म्हणजे मुंबईच्या जुन्या वेळेनं साधारण ६ वाजून ३५ मिनिटं. समजा गिरणी सहाला सुरू होते. जुन्या वेळेनं सहा म्हणजे सूर्योदयाला अर्ध्या तासाहून थोडंच जास्त बाकी, झुंजूमुंजू व्हायला लागलेलं. नव्या वेळेनं सहा म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी, काळोख. त्याआधी उठून, चूल पेटवून, भाकरी बांधून, चाळीतून चालत फाटकाशी पोचायचं. फाटक बंद झालं तर दिवसाची मजुरी गेली. साहेबाच्या लेखी तास बदललेले नाहीत, सहा ते सहाच आहेत. कामगाराच्या लेखी त्याच्या झोपेतली ३९ मिनिटं गेली. आणि संध्याकाळी ती परत मिळतील याची खात्री काय? वर विजेचा दिवा होताच.

जानेवारी १९०६ मध्ये काही हजार गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवलं, गिरण्यांवर दगड पडले. त्यांना रेखांश कळत नव्हता म्हणून हे झालं, असं तेव्हाही काहींनी म्हटलं. आपण तसं म्हणू नये. आपला दिवस कुणाच्या हातात आहे हे त्यांना चांगलं कळत होतं.

त्यानंतर मुंबईत जे सुरू झालं ते आज ऐकताना गमतीचं वाटतं. रेल्वे, तार आणि सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड टाइमवर. महापालिका आणि शहरातले बरेच व्यवहार मुंबईच्या वेळेवर. कार्यक्रमाच्या वेळेपुढं स्टँडर्ड की बॉम्बे, हे स्पष्ट करावं लागे. माणसं डोक्यात सतत ३९ मिळवत किंवा वजा करत. दुसऱ्या महायुद्धात त्यात आणखी भर पडली. १९४२ पासून १९४५ पर्यंत देशाची वेळ एक तास पुढं नेलेली होती. म्हणजे मुंबईच्या जुन्या वेळेशी अंतर एक तास ३९ मिनिटांचं. मुंबईच एकटी हट्टी होती असंही नाही. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ पर्यंत जपली. मुंबईत जुनी वेळ स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या काळात हळूहळू संपली.

ती संपली कशी? कुठल्या गव्हर्नरच्या हुकमानं नव्हे. रेडिओ आला, तो घरोघर एकच वेळ सांगू लागला. लोकल गाड्यांवर शहराचं पोट चालू लागलं. आणि वेळ ठरवणारं सरकार आता आपलं होतं. ज्या वेळेला आयुष्यभर 'त्यांची' म्हटलं ती आता 'आपली' म्हणायला हरकत उरली नाही. घड्याळातले काटे तेच, फक्त ती वेळ कुणाची याचं उत्तर बदललं.

घड्याळ स्वतः सामान्य माणसाच्या मनगटावर आलं तेही याच काळात. १९६१ मध्ये बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं मनगटी घड्याळं बनू लागली. त्यातल्या चावीच्या घड्याळाचं नाव होतं 'जनता'. नाव फार नेमकं होतं. ज्या शहरात वेळ भोंग्यानं आणि टॉवरनं सांगितली जाई, तिथं गिरणीतला माणूसही आता फाटकावरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ ताडून पाहू शकत होता. भोंगा पाच मिनिटं आधी झाला तर ते त्याला दाखवता येत होतं. पुढं क्वार्ट्झ आलं, चावी गेली, मोबाइल आला, आणि २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाला.

आज भारताची वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सिझियमच्या आण्विक घड्याळांवर जपली जाते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सिझियमच्या अणूवर आधारलेली आहे. सूर्य आता कुणी विचारत नाही. यंत्राच्या बाजूनं प्रश्न सुटला, असं म्हणायला हवं.

पण माणसांच्या बाजूनं तो सुटलेला नाही. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत आजही 'बागान टाइम' चालतो, भारतीय वेळेच्या एक तास पुढं. तिथं सूर्य इतका लवकर उगवतो आणि मावळतो, की मिर्झापूरच्या वेळेनं पानं खुडायची तर दिवसाचा उजेड वाया जातो. ईशान्येसाठी वेगळी वेळ असावी अशी मागणी अनेक वर्षांची आहे. २०१८ मध्ये खुद्द राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन वेळा ठेवण्याची सूचना मांडली. त्याविरुद्धही भक्कम मुद्दे आहेत. एकाच रुळावर दोन वेळा आल्या तर काय होतं, ते आपण आत्ताच पाहिलं.

तेव्हा या वादात कुठलीही बाजू घ्या, पण एक प्रश्न आधी विचारा. नवी वेळ ठरली तर अंधारात उठावं कुणाला लागेल? १८८१ च्या वादात हा प्रश्न मागं पडला, कारण तो शहराच्या मानाचा वाद होता. १९०६ मध्ये तो गिरणीच्या फाटकावर विचारला गेला, पण दगडांच्या आवाजात सरकारला ऐकू आला नाही. विधिमंडळात, विद्यापीठात, प्रयोगशाळेत बसून वेळ ठरवणाऱ्यांपैकी कुणालाही पहाटेच्या भोंग्यावर जायचं नसतं. घड्याळ कितीही अचूक केलं तरी ही माहिती त्याच्या तबकडीवर दिसत नाही. ती माणसांना विचारूनच घ्यावी लागते.

आज इथंच थांबू. पुढच्या व्याख्यानात आपण पंचांगाकडं वळू. केरूनानांचं नाव आज ओझरतं आलं. वेधांशी जुळणारं पंचांग करायला त्यांना आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींना एवढा झगडा का करावा लागला, ते नीट पाहू.